भाऊजी, तुम्ही वाचलेली तीन प्रकरणं

भाऊजी, कुंकवानं काही झालं नव्हतं, पॉवर सप्लायच कमी पडला होता, असं तुम्ही शेवटच्या फोनवरही म्हणालात. मी नेहमीसारखं म्हटलं, बरं बाबा, तुमचंच खरं. ज्या सुरात म्हटलं त्यावरून तुम्हाला कळलं की मला ते मुळीच पटलेलं नाही. तुम्ही हसलात आणि तुमच्या सुनंदाला हाक मारून सांगितलंत की वैनी अजून हारल्या नाहीत. त्यानंतर आपण काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक तुमच्या गुडघ्याविषयी आणि माझ्या मोतीबिंदूविषयी बोललो असू.

तुम्ही गेल्याला अजून महिनाही झालेला नाही. अकोल्याला तुमच्या कॉलेजानं शोकसभा घेतली, खाली मनोहर सर असं लिहिलेल्या तुमच्या फोटोला हार घातला. तो हार तुमच्या दादांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, स्वतः ओवला होता, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. भाषणं झाली. तुम्ही कुठं शिकलात, किती वर्षं कॉम्प्युटर शिकवलात, किती विद्यार्थी घडवलेत, सगळं सांगून झालं. मी मागं बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, या माणसाला भरली वांगी किती आवडायची हे यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही. मला तुमच्याशी त्या सहा डिस्कांबद्दल बोलायचं आहे. तो वाद आपला दोघांचा आहे, आणि आता मला एकटीलाच तो पुढं न्यायचा आहे.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी दादांच्या अमरावतीतल्या फुलांच्या दुकानामागच्या खोलीत बोलक्या पुस्तकांचं काम सुरू केलं. कॉलेजात शिकणाऱ्या अंध मुलांची पुस्तकं आम्ही चारसहा जण मोठ्यानं वाचायचो, ते रेकॉर्ड करायचो आणि मुलं पेनड्राइव्हवर घेऊन जायची. दर्यापूर, धामणगाव, वलगाव, कुठून कुठून येतात. पहिल्यांदा तुम्ही ती खोली पाहायला आलात, तेव्हा सगळी पुस्तकं माझ्या लॅपटॉपमध्ये आणि चपलांच्या खोक्यात ठेवलेल्या सीड्यांमध्ये होती. तुम्ही खोकं उघडून पाहिलंत, बंद केलंत आणि म्हणालात, "वैनी, विहीर तं खंदली तुमी, पन पाणी ठेवाले टाकी कुठं हाये?"

पुढच्या खेपेला तुम्ही टाकी घेऊन आलात. काळी, उंच पेटी, आत चार हार्ड डिस्क. चारही मिळून एकच मोठं कपाट व्हायचं. प्रत्येक पुस्तकाचे तुकडे होऊन ते चौघींमध्ये पसरायचे, आणि प्रत्येक तुकडा दोन वेगवेगळ्या डिस्कवर असायचा. मी विचारलं, चांगल्या पुस्तकाचे तुकडे कशाला करता? तुम्ही सासूबाईंचं उदाहरण दिलंत. त्या झेंडूचं बी कधी एका डब्यात ठेवायच्या नाहीत, अर्धं एका फळीवर, अर्धं दुसऱ्या. एका डब्याला कीड लागली तरी पुढच्या साली शेत मोकळं राहायचं नाही. मला डिस्कचं काही कळलं नाही, पण सासूबाईंचं कळलं, आणि त्या पेटीवर माझा विश्वास बसला.

चार डिस्क भरत आल्या तेव्हा तुम्ही आणखी दोन घेऊन आलात. तो दिवस खंडेनवमीचा होता. तुम्ही मुद्दाम तो दिवस धरला होता हे मला नंतर समजलं. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, झेंडूचे ढीग, शेवंतीच्या टोपल्या, दादा त्यात बुडालेले. आपल्या घरात त्या दिवशी तराजू, वजनं, कात्री, हार ओवायची लांब सुई, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडतात. नव्या डिस्क पूजेशिवाय पेटीत जाणार नाहीत हे तर ठरलेलंच होतं, पण तुम्ही जुन्या चारही बाहेर काढल्यात. नवी वस्तू एकटी पुजायची नाही, जुन्यांच्या मांडीला मांडी लावून बसवायची, ही सासूबाईंची रीत. मी म्हटलं, भाऊजी, तुम्ही कॉलेजात पोरांना हेच शिकवता का? तुम्ही म्हणालात, कॉलेजात शिकवतो, पूजा घरी करतो.

मी आत नैवेद्याचं पाहायला गेले. आरतीचं ताट घेऊन परत आले तर सहा डिस्क तराजू आणि कात्रीच्या मध्ये ओळीनं बसलेल्या, प्रत्येकीला ओलं कुंकू, प्रत्येकीवर झेंडूचं एकेक फूल. मला हसू आवरेना. दादा मात्र हात जोडून गंभीरपणे उभे होते. ते दुकानातल्या फ्रिजलाही दसऱ्याला नमस्कार करतात. खरं सांगायचं तर तो पाट फार छान दिसत होता आणि मी फोटो काढायला विसरले याची मला अजून चुटपुट आहे.

मग तुम्ही डिस्क टॉवेलनं पुसल्यात, पेटीत बसवल्यात, आणि जुन्या पुस्तकांची सहाही डिस्कवर सारखी वाटणी करायला मशीनला सांगितलंत. हे काम सावकाश होतं, त्याला हात लावू नका, असं बजावून तुम्ही संध्याकाळच्या बसनं अकोल्याला गेलात. दसरा गेला, मी पेटी उघडून पाहिली. पुस्तकांची नावं सगळी जागच्या जागी होती. पुस्तक लावलं की मात्र अर्धं वाक्य ऐकू यायचं आणि गप्प. दुसरं लावलं, तेही गप्प. तुम्हाला फोन केला, तुमच्या सांगण्यावरून पेटी बंद करून पुन्हा चालू केली, आणि मग नावंही दिसेनाशी झाली.

त्या वर्षी अभ्यासक्रम बदलला होता. जुन्या पुस्तकांची एक प्रत तुम्ही उन्हाळ्यात अकोल्याला नेऊन सुनंदाच्या साड्यांखाली ठेवली होती, पण नवी सगळी पुस्तकं त्यानंतर वाचलेली, ती फक्त या पेटीत. दिवाळी झाली की परीक्षा. दर्यापूरकडच्या रेणुकाचा तर एकच विषय उरला होता, अर्थशास्त्राचा. आदल्या वर्षी तिच्यासाठी लिहायला बसणारी मुलगी आयत्या वेळी आली नाही आणि पेपर बुडाला. घरात तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. पदवी हातात आली तर मी नोकरीचा फॉर्म भरते, नाही आली तर तुम्ही म्हणाल तिथं उभी राहते, असा तिनं वडिलांशी करार केला होता. हे तिनंच मला सांगितलं होतं, अगदी हसत हसत. तिचं पुस्तक त्या पेटीत होतं आणि पेटी तोंड उघडत नव्हती.

तुम्ही आलात ते पहिल्यांदाच चहा न घेता खोलीत शिरलात. मी तोवर चार ठिकाणी विचारून ठेवलं होतं. एका दुकानवाल्यानं फोनवर सांगितलं होतं की दुरुस्तीचा हुकूम असतो, तो दिला की मशीन आपलं आपण नीट करतं, घाबरू नका. मी तुमच्या मागं लागले की तो हुकूम द्या. तुम्ही नाही म्हणालात. मी म्हटलं, दुरुस्त करायचं सोडून तुम्ही नुसते पाहत काय बसलात? तुमच्या पाठीमागं उभी राहून मी बरंच काही बोलले. शेवटी तुम्ही खुर्ची फिरवलीत.

"वैनी, दुरुस्ती म्हनजे त्याच्यावर लिहिनं. मशीनले जे समजत नाही ते ते पुसून टाकते आन म्हनते, झालं दुरुस्त. आधी जे वाचता येते ते बाहेर काढून घेऊ. मंग मोडलं तरी चालते."

मला ते पटलं नाही. दुपारी जेवायला वाढलं, पण पोळी घ्या, भाजी घ्या, असा आग्रह केला नाही. आपल्या घरी वहिनीचा याहून मोठा राग नसतो. तुम्ही दोन पोळ्यांवर उठलात आणि ताट स्वतः उचलून ठेवलंत. तो तुमचा राग. दादा आपल्या दोघांकडे आळीपाळीनं पाहत होते आणि त्यांनाही घास जात नव्हता. त्या वेळी मला वाटलं, त्यांना दुकानाची काळजी असेल.

आज त्या वादात तुम्ही जिंकलात हे मी लिहून देते. तो हुकूम दिला असता तर त्या पेटीतून एकही पुस्तक बाहेर आलं नसतं. नंतर वलगाव रोडवरच्या एका क्लासवाल्यानं तेच केलं आणि रडत बसला, हे तुम्हीच मला सांगितलं होतं, आणि सांगताना माझ्याकडे पाहायचंही टाळलं होतं. जिंकल्यावर समोरच्याकडे न पाहणारी माणसं फार नसतात, भाऊजी.

दुपारनंतर तुम्ही एकेक डिस्क बाहेर काढलीत. पेटीनं तीन डिस्कच्या नावानं तक्रारी लिहून ठेवल्या होत्या, दोन नव्या आणि जुन्यांपैकी तिसरी. त्या मध्येच गायब होत होत्या आणि पुन्हा उगवत होत्या, वाटणी चालू असताना. तुम्ही तिसरी डिस्क हातात घेऊन उजेडात धरलीत, आणि मी माझा चष्मा सावरून पाहिलं, तर जिथं वायर बसते त्या सोनेरी दातांवर लाल डाग. वाळलेलं कुंकू. मी म्हटलं, हे घ्या तुमच्या पूजेचं फळ. तुम्ही डिस्क फिरवून पाहिलीत, एकदा दाराकडे पाहिलंत, मग स्पिरिट आणि कापूस मागितलात आणि ते दात हळूहळू पुसलेत. मग म्हणालात, वैनी, हे काही नाही. नव्या दोन्ही डिस्क मी एकाच वायरीला फाटा काढून जोडल्या आहेत, आणि हा पॉवर सप्लाय चौघींपुरताच आहे, सहा जणींना पुरत नाही. चूक माझी आहे. लगेच बाजारात जाऊन मोठा पॉवर सप्लाय आणलात, नव्या वायरी आणल्यात आणि अंधार पडायच्या आत बसवूनही टाकलंत.

त्यानंतर तक्रारी बंद झाल्या. एकही डिस्क गायब झाली नाही. पण कशानं थांबल्या? कुंकू पुसल्यानं, की पॉवर बदलल्यानं? दोन्ही गोष्टी तुम्ही एकाच दुपारी केल्यात. जो माणूस माझी शिलाई मशीन अडली तरी सांगायचा की एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर रोग कशानं बरा झाला ते कळत नाही, त्या माणसानं. मी त्यावरून तुम्हाला तेव्हाही चिडवलं आणि पुढं प्रत्येक सणाला चिडवलं. तुम्ही प्रत्येक वेळी पॉवर सप्लायचं नाव घेतलंत. हरकत नाही, मला त्या भांडणाची सवय झाली होती.

दुसऱ्या दिवसापासून आपण पुस्तकं बाहेर काढायला लागलो. तुम्ही पेटी अशी उघडलीत की तिच्यातून वाचता येईल पण तिच्यावर काही लिहिता येणार नाही. एकेक पुस्तक दुसऱ्या रिकाम्या डिस्कवर यायला लागलं. नाव आलं म्हणजे पुस्तक आलं असं नाही, ते आतून शाबूत आहे का हे कानानंच तपासायला हवं होतं. आपण दोघं हेडफोन लावून बसलो. एक पुस्तक ऐकायचं म्हणजे सगळा दिवस. मला रडू यायचं बाकी होतं, तेवढ्यात दारात रेणुका उभी.

तिला मी फोन करून सांगितलं होतं की इतक्यात येऊ नकोस. ती जीपनं दर्यापूरला, तिथून बसनं अमरावतीला, आईचा हात धरून आली. म्हणाली, म्याडम, ऐकायचं काम माझं आहे, ते तुम्हाला जमायचं नाही. तिनं आवाज तिप्पट वेगानं लावला. आपल्याला नुसती चिमण्यांची किलबिल ऐकू येत होती आणि ती मात्र मान हलवत होती, मध्येच थांबवून सांगत होती, इथं एक ओळ उडाली, इथून पुढं चांगलं आहे. तुम्ही तोंड उघडं टाकून पाहत राहिलात. मग मला हळूच म्हणालात, "हे पोरगी आयकते का झेलते?" ती ऐकून हसली. झेलते, सर, असं म्हणाली. त्या दिवसापासून तुमचं आणि तिचं जमलं आणि मी बाजूला पडले.

सगळ्यांची पुस्तकं आली, भाऊजी. इतिहास आला, मराठी आलं, समाजशास्त्र आलं. रेणुकाचं सार्वजनिक आयव्ययाचं, म्हणजे सरकारच्या जमाखर्चाचं, पुस्तकही आलं, पण त्यातली करांवरची तीन प्रकरणं आली नाहीत. त्यांचे तुकडे वाटणीत नेमके त्या दोन नव्या डिस्कवर गेले होते, दोन्ही प्रती, आणि ते लिहून पुरे व्हायच्या आत दोघी एकदमच गायब झाल्या होत्या. तुम्ही पुन्हा पुन्हा प्रयत्न केलेत. जेवण विसरून केलेत. मग हात मांडीवर ठेवून बसलात. पेपरातले निम्मे प्रश्न त्या तीन प्रकरणांवर यायचे हे मला ठाऊक होतं, आणि रेणुकाला तर होतंच. ती शांतपणे म्हणाली, असू द्या सर, ते सोडून बाकीचं करते मी. तिनं रागावून बोलावं असं मला फार वाटलं. ती नाही रागावली. पेनड्राइव्ह ओढणीच्या टोकाला बांधायला लागली.

ती प्रकरणं मूळ ज्यांनी वाचली त्या बाई लेकीच्या बाळंतपणाला नागपूरला गेलेल्या. बाकीचे वाचक दिवाळीला आपापल्या गावी. माझा घसा शेवंतीच्या परागांनी दरवर्षीसारखा बसलेला, शब्द फुटत नव्हता. वाचणारं कोणी उरलंच नव्हतं. तुम्हाला मी त्याआधी किती वेळा वाचायला सांगितलं होतं, आणि तुम्ही दर वेळी म्हणायचात, माझा आवाज म्हणजे चक्कीचा पट्टा, पोरं आधीच आंधळी आहेत, त्यांना बहिरी करू नका. त्या दुपारी तुम्ही मला काहीच विचारलं नाहीत. पुस्तक उचललंत, दाराला दुकानातलं जाड गोणपाट अडकवलंत आणि म्हणालात, रेणुका, जाऊ नको, बस.

आमच्याकडे एक नियम आहे. वाचणाऱ्यानं पुस्तकातलं वाचायचं, पदरचा शब्द घालायचा नाही. तो मी केलेला नियम आहे आणि मी तो फार कडक पाळते. एकदा एका बाईंनी प्रकरण संपल्यावर अरे देवा म्हटलं, तर मी तेही काढून टाकलं होतं. तुम्ही पहिलं पान नीट वाचलंत. दुसरंही वाचलंत. मग करसंक्रमण आलं, म्हणजे एकावर बसलेला कर दुसऱ्यावर ढकलणं, आणि पुस्तकातलं वाक्य इतकं अवघड की तुम्हीच अडखळलात. पुस्तक खाली ठेवल्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो.

"रेणुका, हे झालं पुस्तकातलं. आता माह्यं आयक. समज झेंडूवर कर बसला. भरते कोन? दादा भरते. पन दसऱ्याले लोकाइले झेंडू पायजेच, तं दादा भाव वाढवते, कर गेला गिऱ्हाइकाच्या डोक्यावर. आता हेच पितृपक्षात करून दाखव म्हना त्याले. फूल कोनी घेत नाही, भाव वाढवला तं माल सडते. तवा तो कर दादाच्याच डोक्यावर. समजलं? चाल पुढं."

आणि गोणपाटाच्या बाहेरून दादांचा आवाज येतो, माझ्या नावानं काय चाललं आहे म्हणून. तोही त्यात आहे. मी हातानं खुणा करून तुम्हाला थांबवायला पाहत होते. तुम्ही माझ्याकडे पाठ केलीत. तीनही प्रकरणं तुम्ही तशीच वाचलीत, पानभर पुस्तक, पानभर झेंडू, संत्री, सोयाबीन, बडनेऱ्याचा भंगारवाला, सुनंदाची भिशी. मध्ये खोकलात, पाणी प्यायलात, एका जागी पुस्तक लिहिणाऱ्यालाच वेडा म्हणालात. रेणुका तिथंच खाली बसून ऐकत होती. मध्येच ती हसते तेही आलं आहे.

संपल्यावर मी घोगऱ्या आवाजात म्हटलं की हे मी ठेवू शकत नाही, नियमात बसत नाही. तुम्ही लगेच मान्य केलंत. हे आपलं त्या आठवड्यातलं एकमेव एकमत. तुमची तुम्हालाच लाज वाटली असावी. परीक्षा होऊ द्या, मग कोणाकडून तरी नीट वाचून घ्या आणि माझं पुसून टाका, असं तुम्ही म्हणालात. मी हो म्हटलं. पुढं दर फोनला तुमचा प्रश्न असायचा, पुसलं का? आणि माझं उत्तर, पुसते.

रेणुका पास झाली. तिनं निकाल आधी तुम्हाला कळवला, मला नंतर, आणि मला त्याचा राग आला हे मी तुम्हाला बोलूनही दाखवलं होतं. पेपरात करभाराचाच प्रश्न होता. मी झेंडूचं उदाहरण लिहायला सांगितलं सर, तर लिहिणाऱ्या मुलीनं विचारलं की हे पुस्तकात कुठं आहे, असं ती सांगत होती आणि तुम्ही फोनवर इतके मोठ्यानं हसलात की तिनं पुढं मला त्या हसण्याची नक्कल करून दाखवली. आज ती अकोल्यातच नोकरी करते. सुनंदाला भेटायला आली होती, बराच वेळ तिचा हात धरून बसली.

तुमच्या तेराव्यानंतर आम्ही अकोल्याहून परत येत होतो. मूर्तिजापूर मागं पडलं. तुम्ही गेल्यापासून दादा फारसे बोललेच नाहीत. मीच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं की आता पॉवर सप्लायवरून भांडायला कोणी राहिलं नाही. तर ते खिडकीबाहेर पाहतच म्हणाले, "त्या राहिलेल्या एकीले कुंकू मीच लावलं होतं. मनोहर हात धुवाले गेला होता. तो सोनेरी भाग पाहून मले वाटलं, हेच तिचं कपाळ असन. माह्या हातानं झालं असं त्यानं तं मले कधी वाटूच नाही देलं."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. डिस्क उजेडात धरून तुम्ही दाराकडे पाहिलंत तेव्हाच तुम्हाला कळलं होतं की हे कोणाचं बोट आहे. दादा दारात उभे होते त्या वेळी, मला आता आठवतं. आणि तुम्ही पळत बाजारात गेलात, पॉवर सप्लाय आणलात, चूक माझी म्हणालात. एका वेळी एकच गोष्ट बदलली असती तर खरं काय ते कळलं असतं, आणि ते कळायला नको होतं तुम्हाला. मुलांची पुस्तकं आपल्या हातानं गेली असं दादांना आयुष्यभर वाटत राहिलं असतं. पॉवर सप्लायही कमी होता, ते काही खोटं नव्हतं, नव्या दोन डिस्कांना तर कुंकू पाठीवरच लागलेलं होतं, दातांना नाही. पण तुम्ही तो कमी पडलेला पॉवर सप्लाय इतकी वर्षं स्वतःच्या नावावर मिरवलात, माझे टोमणे खाल्लेत, आणि मोठ्या भावाला तराजूची पूजा पूर्वीसारखीच करू दिलीत. मला त्या गाडीत तुमचा इतका अभिमान वाटला की मी डोळ्याला पदर लावला. दादांनी विचारलं, डोळ्यात काही गेलं का? मी म्हटलं, हो.

आपल्यात दिराचे आभार मानायची रीत नाही. दिराला चिडवायचं, त्याच्या आवडीचं करून घालायचं, त्याच्याकडून काम करून घ्यायचं. मी तिन्ही केलं. पण माझं म्हातारपण रिकामं गेलं नाही ते तुमच्यामुळं, हे मी तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं. तुम्ही थट्टा केली असती, तरी सांगायला हवं होतं. आणि आणखी एक सांगायचं राहिलं. ती प्रकरणं मी पुसली नाहीत, भाऊजी. नागपूरच्या बाईंनी परत येऊन ती स्वच्छ आवाजात वाचून दिली, नियमाप्रमाणे, पदरचा एक शब्द न घालता. दोन्ही शेजारी शेजारी ठेवली आहेत. मुलं बाईंची नेत नाहीत. दर वर्षी नवी मुलं येतात, त्यांना जुन्या मुलांनी आधीच सांगितलेलं असतं, ते झेंडूवाले सर मागा म्हणून. तुम्ही विचारायचात पुसलं का, आणि मी पुसते म्हणायचे, आणि मनात म्हणायचे, एक दिवस यांना बसवून सांगू आणि यांचा चेहरा पाहू.

काल वलगावचा एक मुलगा आला होता. यंदा नव्यानं यायला लागला आहे. दिसत नाही, पण चालतो मोठ्या तोऱ्यात, काठी नुसती हातात असते. तीन प्रकरणं ऐकून झाली होती, पुन्हा एकदा ऐकू का म्हणून त्यानं विचारलं, आणि खोलीतच बाकावर बसून पुन्हा सुरू केली. झेंडूपाशी आल्यावर हसला. संपल्यावर हेडफोन काढून मला म्हणाला, "म्याडम, हे सर कोनत्या कॉलेजात हायेत? मले त्याइच्या वर्गात बसाचं हाये."

तुम्ही गेलात हे त्याला सांगायला मी तोंड उघडलं. दुकानात दादा गिऱ्हाइकाशी भाव करत होते, पेटी चालू होती. मग मी त्याला म्हटलं, तू बसलाच आहेस.